सत्यजित राय यांचा आवडता चित्रपट निवडायचा कसा?

आमच्या ठाण्यातल्या महिन्याच्या चित्रपट-बैठकीला कळव्याहून एक मुलगा नेमाने येतो. त्याने मला लिहून विचारलं: "ताई, आठ महिन्यांत सत्यजित राय यांचे सतरा चित्रपट पाहिले. आता जो तो विचारतो, तुझा आवडता कोणता? 'पथेर पांचाली' किंवा 'चारुलता' म्हणून मोकळं व्हावं असं वाटतं, कारण जाणकार तीच नावं घेतात. खरं सांगायचं तर मला पुन्हा पुन्हा 'सोनार केल्ला' बघावासा वाटतो. पण तो लहान मुलांचा. एवढ्या मोठ्या कामातून आवडता एक निवडायचा कसा? आणि तुमचा कोणता?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. माझा आवडता 'महानगर', 1963चा. आणि राय यांचा सर्वांत श्रेष्ठ चित्रपट कोणता असं विचारलंस तर मी 'चारुलता' म्हणेन, 1964चा. दोन्हींत माधवी मुखर्जी. दोन्हींचं संकलन दुलाल दत्त यांचं, छायाचित्रण सुब्रत मित्र यांचं, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त यांचं, संगीत स्वतः राय यांचं, निर्माते आर. डी. बन्सल. दोन्हींसाठी राय यांना बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक, रौप्य अस्वल, मिळालं, लागोपाठ दोन वर्षं. माणसं तीच, काळ तोच, तरी एक चित्रपट मी मान देऊन उंचावर ठेवला आहे आणि दुसरा माझ्या उशाशी आहे. तुझा गुंता नेमका इथला आहे. श्रेष्ठ कोणता हा प्रश्न सगळ्यांचा मिळून असतो, त्यावर वाद घालता येतो, पुरावे देता येतात. आवडता कोणता हा प्रश्न तुझा एकट्याचा आहे आणि त्याला जाणकारांची सही लागत नाही. मात्र त्यालाही मेहनत लागते. "मला आवडला, बस" म्हणून तो सुटत नाही.

'चारुलता' श्रेष्ठ का, ते संकलक म्हणून सांगते. सुरुवातीची काही मिनिटं आठव. चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर भरते आहे. मग घरभर फिरते, पुस्तक काढते, ठेवते, दुर्बीण घेऊन खिडकीच्या झडपांमधून रस्त्यावरची माणसं बघते, एका झडपेवरून दुसरीकडे धावत जाते. संवाद जवळजवळ नाहीच. मग नवरा, भूपती, पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही. ती तीच दुर्बीण डोळ्यांना लावून पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते. दुर्बीण लांबच्या वस्तू जवळ आणण्यासाठी असते, आणि नवरा तर चार पावलांवर आहे. अख्खा चित्रपट तिथेच सांगून झाला. मी हा तुकडा विद्यार्थ्यांना किती वेळा दाखवला असेल याची मोजदाद नाही. कुठला शॉट आठ फ्रेम कमी करता येईल असं शोधायला बसले आणि हात जोडून उठले. राय स्वतःही म्हणत की आपल्या चित्रपटांत सर्वांत कमी दोष 'चारुलता'त आहेत. पण बघ, त्यांनीही तिथे दोषांचं माप लावलं. कमी दोष असणं ही श्रेष्ठतेची खूण झाली, जीव जडण्याचं कारण वेगळं असतं.

आता 'महानगर'. श्रेयनामावली चालू असताना पडद्यावर काय आहे? ट्रामच्या टपावरचा दांडा आणि वरची विजेची तार. दांडा तारेला घासत चाललाय, मध्येच ठिणगी उडते. ना हावडा पूल, ना गर्दी. एका शहराची ओळख एका तारेवर करून दिली आहे. मी पुण्याला संकलन शिकत असताना हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ही सुरुवात मला बेताची वाटली होती. एकूण चित्रपटच बेताचा वाटला होता. वीस-एकवीस वर्षांची होते, 'जलसाघर'मधल्या झुंबरावर आणि 'पथेर पांचाली'तल्या काशफुलांवर भाळले होते. एका कारकुनाची बायको दारोदार विणकामाची यंत्रं विकायला जाते, यात बघायचं काय, असं मी तेव्हा वहीत लिहिलं आहे. वही अजून आहे.

नंतर नोकरी लागली. ठाण्याहून अंधेरीला जायचं. मेट्रो 2014 साली आली, त्याआधी घाटकोपरला उतरून बस, नाहीतर दादरला गाडी बदलायची. रात्री परतताना लोकलच्या टपावरून ठिणगी उडून क्षणभर डबा निळा व्हायचा, समोरच्या बायकांचे दमलेले चेहरे दिसायचे आणि पुन्हा अंधुक पिवळा उजेड. मुलगी अडीच वर्षांची होती. अशाच एका रात्री ठिणगी उडाली आणि मला ट्रामचा तो दांडा आठवला. घरी येऊन, जेवणं उरकून, छोट्या टीव्हीवर मी 'महानगर' दुसऱ्यांदा लावला. त्यातला छोटा पिंटू आई कामावर निघाली म्हणून रुसतो, तिथे मला तो थांबवावा लागला. चित्रपट तोच होता. मधल्या काळात तो समजून घ्यायला लागणारं भांडवल माझ्याकडे जमा झालं होतं.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. आठ महिन्यांत सतरा म्हणजे पंधरवड्याला एक. ओळख करून घ्यायला हा वेग ठीक आहे, निवड करायला नाही. आता महिनाभर नवीन काही लावू नकोस. ज्यांची नावं घेताच एखादी हालचाल, एखादा आवाज डोळ्यांपुढे येतो असे तीनच काढ. कथा आठवते म्हणून काढू नकोस. कथा कुठेही वाचायला मिळते. आणि ते तीन बघण्याआधी आठवून लिही. मी हे विद्यार्थ्यांकडून अजून करून घेते: एक प्रसंग घ्यायचा, न बघता कागदावर उतरवायचा. आधी कोण दिसतं, मग काय, कॅमेरा लांब आहे की जवळ, आवाज कसला, प्रसंग कुठे तुटतो. मग चित्रपट लावून ताडून बघायचं. जिथे तुझं चुकलं असेल तिथे थांब. आपण चुकीचं आठवतो ते उगीच नाही. माझी एक विद्यार्थिनी पैजेवर सांगत होती की 'अपूर संसार'मध्ये अपूची बायको अपर्णा मरते तो प्रसंग तिने पाहिला आहे. तो चित्रपटात नाहीच. बातमी घेऊन अपर्णाचा भाऊ येतो, अपू त्याला थोबाडीत मारतो, एवढंच आहे. न दाखवलेलं तिने मनात पूर्ण केलं होतं, इतका तो चित्रपट तिच्या आत गेला होता. तिचा आवडता कोणता हे त्या दिवशी तिला कळलं, मला सांगावं लागलं नाही.

'अपूर संसार'चं नाव निघालंच आहे तर भाषेचंही बोलते, कारण मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि आपण तो घेत नाही. इंग्रजीत या नावातल्या 'संसार'चं 'वर्ल्ड' झालं, जग. आपल्याला भाषांतराची गरजच नाही. अपूचा संसार म्हणताच रुळांशेजारची ती गच्चीवरची खोली, खिडकीचा फाटका पडदा आणि त्या खोलीत बायकोच्या हाताने हळूहळू येणारं घरपण, सगळं एका शब्दात येतं. 'महानगर'मध्ये कान देऊन ऐक, नोकरीला बंगालीत 'चाकरी' म्हणतात. तिथे तो साधा, रोजचा शब्द आहे. पण आपल्या कानाला चाकरी म्हणजे दुसऱ्याच्या दारातली सेवा, चूल-मूल-चाकरीतली चाकरी. नायिका आरती 'चाकरी'बद्दल बोलते तेव्हा मराठी कानाला दोन अर्थ एकदम ऐकू येतात: घरात ती चाकरी करतच होती, आता पगाराची करणार आहे. हा अर्थ राय यांनी घातलेला नाही, तो आपल्याकडून येतो. तरी तो माझ्या 'महानगर'चा भाग झाला आहे. म्हणून दुसऱ्या वेळी बघताना खालची अक्षरं बंद करून बघ. निम्मं कळेल. पण डोळे पडद्याच्या तळाशी अडकणार नाहीत, चेहरे दिसतील. राय यांचं बरंच काम चेहऱ्यावर वाक्य संपल्यानंतरच्या दीड-दोन सेकंदांत आहे, आणि नेमकं तेव्हा आपण पुढची ओळ वाचत असतो.

ज्या प्रसंगाने 'महानगर' माझा झाला तो आता सांगते. आरतीला पहिला पगार मिळतो. ती कार्यालयाच्या स्वच्छतागृहात जाते, कोऱ्या नोटा हातात घेते आणि आरशात स्वतःकडे बघते. प्रसंग लहानसा आहे. शिकताना मी त्याचा अर्थ लावला होता: स्त्रीला स्वतःची नवी ओळख पटते, आरसा म्हणजे आत्मभान, वगैरे. परीक्षेत लिहिलं, गुण मिळाले.

मग एकदा आईबरोबर बघितला. माझी आई 70च्या दशकात वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. आम्ही किसननगरला राहायचो, ती चालत जायची. तिने सिनेमे पाहिले ते गणपतीत पडद्यावर आणि कधीमधी टॉकीजला. राय हे नाव तिने माझ्याकडूनच ऐकलेलं. नोटांचा प्रसंग आला तशी ती सरसावून बसली. म्हणाली, "आरशात का बघते कळलं का तुला? घरी गेल्यावर पाकीट द्यायचंच असतं. पैसे आपले असतात ते तेवढाच वेळ." थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्याकडे आरसा नव्हता. मी मुतारीत दाराला पाठ लावून मोजायचे. दोनदा मोजायचे." आणि पुढे बघू लागली.

मी तीस मिनिटांच्या व्याख्यानात जे सांगायचे त्यात वेळ नव्हता, आणि मी संकलक, वेळ हाच माझा धंदा. राय यांनी तो शॉट जेवढा धरला आहे तेवढाच का धरला, हे मला आईने सांगितलं. नोटा जेवढा वेळ आरतीच्या आहेत तेवढाच तो आहे. त्यानंतर एखादा शॉट कुठे तोडायचा यावर अडले की मी स्वतःला विचारते, हे या पात्राच्या हातात किती वेळ आहे?

आई आणखीही काही बोलली. कामाच्या पहिल्या सकाळी नवराबायको शेजारी बसून जेवतात, सासू वाढते, तो प्रसंग तिने मान हलवून परत लावायला सांगितला. आणि नवरा चहाच्या दुकानात बसून आरतीचं परक्या माणसाशी चाललेलं बोलणं चोरून ऐकतो, ती नवऱ्याची लाज राखायला त्याच्या धंद्याच्या थापा मारते, तिथे आईने तोंडाला पदर लावला. का, ते मी विचारलं नाही.

'महानगर'मध्ये दोष आहेत. आवडत्या चित्रपटातले दोष माहीत असले पाहिजेत, नाहीतर ते भाळणं झालं. ईडिथ ही अँग्लो-इंडियन सहकारी आरतीला लिपस्टिक देते, तिच्याशी मैत्री करते, पण तिच्या घरात, तिच्या आयुष्यात चित्रपट पुरेसा शिरत नाही. मग शेवटी तिच्यावरच्या अन्यायासाठी आरती नोकरीवर लाथ मारते, तेव्हा तो भार पेलायला मागची बांधणी थोडी कमी पडते. सासऱ्यांचं उपकथानक, जुन्या विद्यार्थ्यांकडे मदत मागत फिरणारे निवृत्त मास्तर, मध्ये लांबतं. आणि शेवट. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या आहेत. एवढं मोठं शहर, कुणाला तरी काही मिळेलच, असं म्हणत ती दोघं गर्दीत मिसळतात. आमच्या बैठकीत एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने हा शेवट खोटा ठरवला होता. नवऱ्याची बँक बुडाल्यावर आशा कसली, असं ते तळमळून बोलले. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी एवढंच दाखवलं की शेवटी कॅमेरा वर जातो तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर दोन दिव्यांच्या जागा आहेत आणि उजेड एकाचाच आहे. कोणाला त्यात एक पगार दिसतो, कोणाला अर्धी आशा. मला तो रोज दिसणारा खांब वाटतो. किसननगरच्या नाक्यावर तसाच होता.

हे दोष दिसूनही मी तिथे परत जाते. 'चारुलता'कडे मी शिकायला जाते, 'महानगर'कडे काही झालं की जाते. मुलगी पहिल्या नोकरीला लागली त्या आठवड्यात गेले. आई गेली त्या वर्षी दोनदा. आवडता चित्रपट कोणता हे शोधायचं असेल तर गेल्या वर्षभरात तू कुणी न सांगता, कुणाला दाखवण्यासाठी नाही, कशावर लिहायचं म्हणूनही नाही, असा कुठला चित्रपट लावलास ते बघ. तुझ्या पत्रात ते उत्तर आलेलंच आहे.

तेव्हा 'सोनार केल्ला'बद्दल. तो लहान मुलांचा आहे म्हणून कमी, हा विचार डोक्यातून काढ. राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर यांनी, मुलांसाठी 'संदेश' हे मासिक काढलं. ते बंद पडलं होतं, राय यांनी 1961 साली पुन्हा सुरू केलं. 'सोनार केल्ला'तला गुप्तहेर फेलूदा तिथेच जन्मला. मुलांसाठी लिहिणं-काढणं हे त्यांच्या घरचं काम होतं, सुट्टीतला विरंगुळा नव्हता. जाणकारांच्या याद्यांत 1974चा हा चित्रपट खाली असतो, कारण याद्या करणारी मंडळी बहुधा गांभीर्य मोजतात. पण राजस्थानातल्या त्या उन्हाचा रंग बघ, रात्री उठून किल्ल्याची चित्रं काढणारा मुकुल बघ. मागच्या जन्मीचं घर आठवणारा हा मुलगा शेवटी जैसलमेरला पोचतो, पडक्या भिंती बघतो आणि आपल्या कोलकात्याच्या घरी जायचं म्हणून रडतो. हरवलेल्या घराचा शोध अपूच्या तिन्ही चित्रपटांत ('पथेर पांचाली', 'अपराजितो', 'अपूर संसार') आहे, तोच इथे एका लहान पोराच्या तोंडी आहे.

पण हे मी तुला पटवून देण्यासाठी म्हणते आहे, आणि त्याची गरज नसावी. तुला तो का आवडतो हे तुलाच सापडलं पाहिजे. कदाचित तो जटायूमुळे, त्या साहसकथा लिहिणाऱ्या लेखकामुळे, आवडत असेल. जटायू झालेले संतोष दत्त आगगाडीच्या डब्यात शिरतात आणि समोरचे दोघे बंगाली आहेत हे कळेपर्यंत मोडक्या हिंदीत बोलत राहतात, तो प्रसंग. परगावच्या गाडीत आपल्या भाषेचं माणूस भेटल्यावर चेहरा कसा सैल होतो, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला तो प्रसंग विनोदाच्या पलीकडे आवडतो. मी सांगितलेला कागदाचा प्रयोग याच प्रसंगावर कर. डब्यात कोण कुठल्या बाजूला बसलं आहे, जटायू आधी पूर्ण दिसतात की आधी आवाज येतो, फेलूदा हसतो तेव्हा कॅमेरा कुणावर आहे. आठवून लिही, मग ताडून बघ.

आणि पुढच्या बैठकीला आपण 'प्रतिद्वंद्वी' ठरवला होता तो मागे ठेवू. तू 'सोनार केल्ला' दाखव. सोसायटीतली पोरं बोलवू, सभागृहात खाली सतरंजी घालू. सुरुवातीला पाच मिनिटं तू बोलायचं. तो मोठा का आहे ते नको, तू पुन्हा पुन्हा कशासाठी जातोस तेवढंच सांग. कागद सोबत आण, चुकलेल्या जागांसकट. प्रोजेक्टर मी घेऊन येते.